सोनेरी रंगाशी दोन हात

आमच्या घरात सध्या सोनं सोडून बाकी सगळं सोनेरी आहे. दिवाणखान्यातला फोन, जो 2017 पासून बंद आहे, तो सोनेरी आहे. स्वयंपाकघरातल्या पंख्याचा रेग्युलेटर सोनेरी आहे. त्याच्यावरचे आकडे रंगाखाली गेल्यामुळे पंखा आता अंदाजाने चालवावा लागतो. नारळाच्या सहा करवंट्या, कुंड्यांखालच्या बश्या, सासूबाईंच्या काठीची मूठ, मीटरच्या पेटीचं झाकण, सगळं सोनेरी. पोळपाट मी वेळेवर पोचून वाचवला, पण त्याचे तीन पाय तोवर गेले होते. पोळ्या लाटून झाल्या की ओल्या ओट्यावर रंगाची तीन टरफलं राहतात. ती मी रोज उचलते. तक्रार म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगते.

झालं असं, की आमचे हे निवृत्त झाले. 34 वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढल्यावर माणसाला एकदम मोकळा वेळ मिळाला तर तो घरातले नळ तपासतो. ह्यांनी पहिले दोन महिने तेच केलं. घरात नळ एकूण सहा. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात मी म्हणाले, "अहो, काहीतरी छंद लावून घ्या." हे वाक्य माझं आहे. ते मी नाकारत नाही, कारण नाकारून उपयोग नसतो. ह्यांना ते तारखेसकट पाठ आहे.

त्याच आठवड्यात भाची राहून गेली आणि जाताना तिच्या कॉलेजच्या कुठल्याशा प्रकल्पातली मेटॅलिक ॲक्रिलिकची अर्धी बाटली विसरली. 15 मिलीतली अर्धी म्हणजे दीड चमचा. तेवढ्यात ह्यांनी माझ्या शिवणाच्या डब्याचं झाकण सोनेरी केलं, चष्मा कपाळावर चढवून लांबून पाहिलं आणि म्हणाले, "पहिला हात आहे. अजून एक लागेल." रंगारी लेपाला हात म्हणतात. ह्यांच्या तोंडी तो शब्द तेव्हा पहिल्यांदा आला. तेव्हापासून घरात दुसरा हात द्यायचा बाकी नाही असा दिवस उजाडलेला नाही.

ह्यांचं काम खात्यातल्यासारखं. जाड पुठ्ठ्याची एक वही आहे. तिच्यात रकाने आखलेत: वस्तू, पृष्ठभाग, पहिला हात, दुसरा हात, हवामान आणि शेरा. रेग्युलेटरपुढे शेरा आहे, "समाधानकारक." पंखा किती वर चालतोय हे कळत नाही, याला रकाना नाही.

मला वाटलं होतं, एवढ्या चकाकणाऱ्या बाटलीत सोनं नसलं तरी निदान पितळ असेल. जुन्या सोनेरी रंगात असायचं. व्हार्निशमध्ये पितळेची पूड कालवून चौकटी रंगवायचे. आमच्या 1986 सालच्या लग्नाच्या फोटोची चौकट तशीच आहे. पितळ असल्यामुळे ती पितळेसारखीच वागली आणि आता हिरवट-काळी पडली आहे. फोटोतली माणसंही साधारण त्याच वाटेने गेली आहेत, त्यामुळे शोभतं. पण या नव्या रंगात बहुतेक वेळा पितळही नसतं, तांबंही नसतं. हा 'मेटॅलिक' रंग आणि यात मेटल नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा असं आपण म्हणतो. सोनुबाईच्या हातात निदान कथील तरी होतं.

यात असतो अभ्रक. झारखंडात कोडरम्याकडे जमिनीत सापडतो तो, पापुद्रे-पापुद्रे सुटणारा. त्याचे डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक तुकडे करतात, त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर चढवतात, आणि तो थर किती जाड यावर रंग ठरतो. पातळ असला तर चंदेरी, थोडा वाढला की पिवळा, मग तांबूस, मग निळा. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तसंच हे, फक्त फुगा फुटतो आणि हे फुटत नाही. हे सगळं मला जेवताना समजलं. आमच्याकडे पूर्वी जेवताना बातम्या लावायचे.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या 84 वर्षांच्या आहेत आणि ऐकू कमी येतं असं त्यांनी जाहीर केलेलं आहे; ते कुठल्या विषयांना लागू आहे हे त्या ठरवतात. त्या म्हणाल्या, "अभ्रकभस्म आमचे वडील मधातून द्यायचे. जुन्या खोकल्यावर. भिंतीला नाही लावलं कुणी."

तांब्याच्या रंगाची गोष्ट आणखी निराळी. अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनियमऐवजी लोखंडाचा ऑक्साइड चढवला की तांब्याची, ब्राँझची छटा मिळते. लोखंडाचा ऑक्साइड म्हणजे साध्या भाषेत गंज. म्हणजे ह्यांनी 90 रुपये देऊन एका छोट्या बाटलीत गंज विकत आणला. तोच गंज आमच्या गच्चीच्या कठड्यावर फुकट होता. तो आदल्याच वर्षी ह्यांनीच 8 हजार रुपये देऊन घासून काढून घेतला.

एका गोष्टीचं श्रेय मात्र मी देईन. अभ्रक काळा पडत नाही. लग्नाची चौकट काळी पडली, करवंट्या पडणार नाहीत. आमच्यामागे काय राहील असा प्रश्न मला कधी कधी पडायचा, तो सुटला.

लक्ष्मी रोडवर सराफाकडे गेलं तर तो 22 कॅरेट म्हणतो, 18 म्हणतो, छाप दाखवतो, आणि तोळ्याचा भाव ऐकून आपण कानातल्यांकडून नाकातल्याकडे वळतो. भाव लाखावर गेल्यापासून तिथली खुर्चीसुद्धा जपून बसण्यासारखी वाटते. या सोन्याला कॅरेट नाहीत, विशेषणं आहेत. रिच गोल्ड, अँटिक गोल्ड, पेल गोल्ड, रोझ गोल्ड. ह्यांच्याकडे सोन्याच्या सात छटा आहेत आणि त्यातल्या पाच मला एकसारख्या दिसतात. हे मी एकदा बोलून दाखवलं. त्यावर ह्यांनी पाचही छटांचे पट्टे एका पुठ्ठ्यावर ओढून, खाली क्रमांक घालून, तो पुठ्ठा फ्रिजला लावला. आता मला त्या रोज एकसारख्या दिसतात.

लहानपणी आमच्या खडूंच्या पेटीत एक सोनेरी आणि एक चंदेरी खडू असायचा. तो कुणी वापरायचा नाही, जपून ठेवायचा. कधीतरी धीर करून मुकुटाला लावला की कागदावर मळकट शेवाळी रेघ उठायची. मला वाटतं, आमच्या पिढीचा सोनेरी रंगाबद्दलचा हा जुना अपेक्षाभंग आहे आणि आता निवृत्तिवेतन हाती आल्यावर तो भरून काढणं चाललं आहे.

खरेदी बोहरी आळीत होते. रविवार पेठेतल्या त्या गल्लीत माणूस एक ब्रश आणायला शिरतो आणि तीन पिशव्या घेऊन बाहेर पडतो, हे ठीकच आहे. पण तिथून कसब्यातली तांबट आळी काही लांब नाही. पेशवाईत कोकणातून आलेले तांबट तिथे वसले, तेव्हापासून तिथे तांबं ठोकलं जातं. पत्र्याला आकार दिला की हातोडीने त्याच्या अंगभर एकसारख्या खुणा उठवतात. त्याला मठारकाम म्हणतात. ते नुसतं शोभेचं नसतं, ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो. उन्हाळ्यात झाडावर टुकटुक करणाऱ्या हिरव्या पक्ष्याला तांबट म्हणतात तेही त्या ठोक्यांवरूनच. एवढं सगळं हाकेच्या अंतरावर असताना हे बोहरी आळीतून तांब्याचा रंग घेतात, आणि घरी येऊन प्लॅस्टिकच्या मगावर गोंदाचे थेंब टाकून, ते वाळवून, वरून रंग देऊन मठारकाम करतात. मगाला 340 थेंब बसले. मोजले कुणी हे वहीत बघावं.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. हा रंग बाटलीत सोन्यासारखा दिसतो आणि वस्तूवर पहिल्या हाताला हळदीचा हात पुसल्यासारखा दिसतो. कारण तो अंगचाच अर्धपारदर्शक. म्हणून सोनेरी करायचं असेल तर आधी पिवळट-तपकिरी रंग द्यायचा, तांबं करायचं असेल तर काळा किंवा गडद तपकिरी. म्हणजे घरात प्रत्येक वस्तू तांब्याची व्हायच्या आधी दोन दिवस काळी असते. त्या दोन दिवसांत हमखास कुणीतरी येतं. आमच्याकडे सत्यनारायणाला आलेल्या मंडळींनी काळा चौरंग पाहिला आहे. कुणी काही बोललं नाही. प्रसाद मात्र सगळ्यांनी उभ्यानेच घेतला.

दुसरं म्हणजे ब्रशाची रेघ. साध्या रंगात ती लपते. यात लपत नाही, कारण अभ्रकाचे पापुद्रे ब्रश जाईल त्या दिशेला आडवे होतात आणि उजेड त्या-त्या दिशेने परततो. हात गोल फिरला तर गोल, तिरका फिरला तर तिरका, मधे फोन आला तर तिथे थांबलेला, असं सगळं कायमचं दिसतं. कपाटाचं दार रंगवून झालं तेव्हा सासूबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "सारवलंय छान." आणि खरंच, शेणाने अंगण सारवताना हात फिरतो तशा कमानी त्या दारभर उमटल्या आहेत. सकाळी पूर्वेचं ऊन आलं की गावाकडचं अंगण उभं केल्यासारखं वाटतं.

ॲक्रिलिक हे प्रकरण तसं जुनं नाही. ओटो र्‍योम नावाच्या जर्मन माणसाने 1901 मध्ये ॲक्रिलिकच्या रसायनावर प्रबंध लिहिला, आणि पाण्यात कालवलेले चित्रकारांचे ॲक्रिलिक रंग 1950 च्या दशकात अमेरिकेत बाजारात आले. त्याची खुबी अशी, की रंगात प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की ते एकमेकांना चिकटून सलग कातडं होतं. ओला असेपर्यंत हा रंग पाण्याने जातो. एकदा वाळला की तो पाण्याला ओळख दाखवत नाही. माझ्या सुती साडीवर एक थेंब दुपारी पडला, मला संध्याकाळी दिसला. मी ती साडी तीनदा धुतली. आता तिथे पाच पैशाएवढा जरीचा बुट्टा आहे. ह्यांनी सममिती म्हणून दुसऱ्या बाजूलाही एक काढून देऊ का, असं विचारलं.

हात लावून पाहिला तर अर्ध्या तासात वाळलेला वाटतो, पण पूर्ण पक्का व्हायला दोन-तीन आठवडे जातात, आणि पुण्याच्या जुलैत किती ते विचारू नये. पंखा लावला तर धूळ बसते. पंखा बंद केला तर आम्ही उकडतो. या प्रश्नावर घरात एकमत झालेलं नाही आणि रेग्युलेटरवर आकडे नसल्यामुळे मधला मार्गही काढता येत नाही.

ब्रश धुतलेलं पाणी हा स्वतंत्र विषय आहे. हे ते बेसिनमध्ये ओतत नाहीत. पाणीपुरवठ्यातला माणूस, नळीत प्लॅस्टिक बसेल म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. म्हणून ते पेल्यात ठेवतात, गाळ खाली बसू देतात. तो पेला ओट्यावर असतो. पिवळसर, वर मंद चमक, तळाशी थोडा साका. कोजागिरीला सासूबाईंनी तो उचलून दिव्यापुढे धरला आणि मला विचारलं, "मसाला दुधाला यंदा साय नाही धरली का गं?" तेव्हापासून घरातले पेले दोन जातींचे आहेत. माझ्या पेल्यांना मी खूण केली आहे. खूण कसली केली असेल हे विचारायला नको. घरात रंग एकच होता.

संक्रांतीचं हळदीकुंकू येईपर्यंत मला हे सगळं आमच्या चार भिंतींतलं वाटत होतं.

वाण काय द्यायचं यावर दरवर्षी डोकं खाजवावं लागतं. प्लॅस्टिकच्या डब्या देऊन झाल्या, स्टीलचे चमचे झाले, कापडी पिशव्या झाल्या. त्या वर्षी हे म्हणाले, "मी करून देतो. फुलदाण्या. रिकाम्या बाटल्यांच्या." पस्तीस बायका धरल्या होत्या. घरात रिकाम्या बाटल्या होत्या चार. तीन केचपच्या, एक गुलाबपाण्याची. ह्यांचं म्हणणं पडलं की फुलदाणीला मान लांब हवी, खांदे उतरते हवेत. असे खांदे आणि अशी मान कुठल्या बाटलीला असते हे मला माहीत नव्हतं. ह्यांनाही नव्हतं. आमच्याकडे औषधात आसवं-अरिष्टं, पुढे काही नाही.

भंगारवाल्याला माहीत होतं. "लांब मानेच्या बाटल्या आहेत का?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "काका, महिन्याला किती निघतात तुमच्याकडे? घरी येऊन घेऊन जाईन, कुणाला कळणार नाही." विकायच्या नाहीत, घ्यायच्या आहेत, हे समजावण्यात ह्यांची दहा मिनिटं गेली आणि समजल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचा आदर गेला. चाळीस बाटल्या, दोन पोती, 200 रुपये. पोती लिफ्टमध्ये चढवली तेव्हा आत सोसायटीचे चेअरमन होते. दर मजल्याला पोती किणकिणत होती. चेअरमन आकड्यांकडे बघत होते, चौथा येईपर्यंत.

आता काच हा गुळगुळीत पदार्थ. तिला हा रंग धरत नाही. आधी पॉलिश पेपरने खरखरीत करायची, मग प्रायमर द्यायचा, मग रंग. हे ह्यांच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे. पण चाळीस बाटल्या आणि रथसप्तमीला पाच दिवस, तेव्हा प्रायमर राहिला. मी बायकांना कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि हातात एकेक सोनेरी फुलदाणी ठेवली. "अय्या, घरी केल्या?" झालं. "किती सुंदर" झालं. मी सुखावले होते, हे लपवत नाही. मग पलीकडच्या विंगमधल्या वहिनींनी फुलदाणी खिडकीशी नेली.

चकाकणाऱ्या रंगाचा एक गुण असा, की तो पृष्ठभागावरचा प्रत्येक उंचवटा दाखवतो. साधा रंग झाकतो, हा रंग उजळतो. बाटलीच्या पोटावर काचेतच उठवलेली अक्षरं होती. नुसत्या काचेवर ती दिसलीही नसती. दोन हात सोनेरी रंगाखाली ती ताम्रपटासारखी उठून आली होती. कारखान्याचं नाव, त्याखाली गावाचं नाव, आणि तळाशी 750.

"हे साडेसातशे काय हो?" वहिनींनी विचारलं.

मी म्हणाले, "क्रमांक असेल."

पस्तीस बायकांपैकी निम्म्यांच्या घरी ते काय असतं हे ठाऊक होतं आणि उरलेल्या निम्म्यांना त्या संध्याकाळी कळलं. नंतर कुणीतरी फुलदाणी धुतली तेव्हा रंग मानेपासून बुडापर्यंत एका दमात सुटून आला, सापाने कात टाकावी तसा, आणि आत मूळची बाटली स्वच्छ उभी राहिली. कात ह्यांना दाखवायला आणली होती. जिथे रंग राहायला हवा होता त्या काचेवरून तो गेला. जिथून जायला हवा होता त्या साडीवर आहे.

पुढच्या संक्रांतीला त्यातल्या दोन बाटल्या मला दुसऱ्यांच्या हळदीकुंकवात वाण म्हणून परत मिळाल्या. एकीत प्लॅस्टिकचं गुलाबाचं फूल होतं. फूलही सोनेरी होतं. म्हणजे साथ पसरली आहे.

मातीच्या कुंड्यांबद्दल थोडक्यात सांगते. माती पाणी पिते, ते आतून बाहेर झिरपतं, आणि बाहेर प्लॅस्टिकचं कातडं बसलेलं असतं. मग फोड येतात. कांजिण्या आल्यासारख्या दिसणाऱ्या चौदा कुंड्या गच्चीत आहेत. ह्यांनी शेरा लिहिला, "पाणी कमी घालावे." कुंड्या रंगवल्या झाडांसाठी आणि आता रंगासाठी झाडांनी पाणी कमी प्यायचं. तुळस ऐकत नाही.

दसऱ्याला मात्र हद्द झाली. आपट्याचं पान हे दसऱ्याच्या दिवशी सोनंच असतं. त्याला काही करावं लागत नाही. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी 14 कोटी मुद्रा हव्या होत्या, त्याने रघुराजाकडे मागितल्या, कुबेराने पाऊस पाडला, आणि त्या दिवसापासून आपण हिरवं पान हातात देऊन सोनं घ्या म्हणतो आणि समोरचा घेतो. एवढा स्वस्त आणि निर्धोक व्यवहार दुसरा नाही. ह्यांनी 108 पानं आणली आणि सोनेरी केली. दोन्ही बाजूंनी. पानांमध्ये कांचनाची किती आणि आपट्याची किती हा वाद दरवर्षी असतो. यंदा तो मिटला, कारण रंगाखाली काहीच कळत नव्हतं. पानं दोन दिवसांत वाळून आक्रसली, रंग आक्रसला नाही, त्यामुळे ती वर्तमानपत्राच्या सुरळीसारखी वळली. दीर आले, सोनं देऊन गेले, सोनं घेऊन गेले. रात्री जाऊबाईंचा फोन आला की ह्यांनी डोक्यावरून हात फिरवून आशीर्वाद दिल्यापासून धाकट्याचे केस चमकताहेत आणि शाळेत चालेल का.

सासूबाईंनी सोनेरी पान घेतलं नाही. कुंडीतल्या कढीपत्त्याचा एक डहाळा तोडून ह्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "घे सोनं."

आता घंगाळाचं सांगते आणि थांबते.

1984 मध्ये वाडा सोडून आम्ही फ्लॅटमध्ये आलो, म्हणजे सासरची मंडळी आली. मी दोन वर्षांनी आले. येताना दोन बंब, पाच हंडे, परात, तपेली, पितळी डबे असं सगळं मोडीत घातलं. किलोवर. घासायचं कोण, कल्हई करायची कुठे, आणि फ्लॅटला ते शोभतं का, अशी तीन कारणं होती आणि तिन्ही त्या वेळी खरी होती. आलेल्या पैशांत स्टीलचे डबे घेतले. सासूबाईंनी एक तांब्याचं घंगाळ तेवढं ठेवलं. माहेरून आलेलं, मठारलेलं, दोन कड्यांचं. त्यात त्यांनी आपली लुगडी भरली आणि लुगड्यांसकट कोण मोडीत घालतो ते बघते म्हणाल्या. तेव्हापासून ते वर्षातून एकदा निघतं, नरकचतुर्दशीला. आदल्या दिवशी मी चिंच आणि मीठ लावून घासते. तासाभरात ते गुलाबी निघतं आणि आठवड्यात पुन्हा तपकिरी होतं. तांबं आहे, तसंच वागणार.

मगाचं मठारकाम जमल्यावर ह्यांनी प्लॅस्टिकची 20 लिटरची बादली घेतली. काळा हात, तांब्याचे दोन हात, वर स्पंजने हिरवट निळे डाग, म्हणजे शंभर वर्षं माजघरात पडून होती असं वाटावं. बादली दिवाणखान्यात ठेवली, शेजारी शोभा म्हणून घंगाळ ठेवलं. येणारा प्रत्येक माणूस बादलीशी थांबायचा. "काय वस्तू आहे! जुन्या बाजारात मिळाली?" असं एकाने विचारलं. दुसऱ्याने घंगाळाला टिचकी मारून सांगितलं, "हे मात्र जरा खोटं वाटतं."

मी ते हसण्यावारी नेलं. ह्यांनी नेलं नाही.

मी लेकीकडे नागपूरला आठ दिवस गेले होते. परत आले तर घंगाळ बादलीसारखं दिसत होतं. खऱ्या तांब्याला तांब्याच्या रंगाचे दोन हात दिले होते, कडेने आत वितभर, आणि वरून चमकतं व्हार्निश. हे उभे राहून म्हणाले, "आता घासायला नको." माझ्यासाठी केलं होतं. त्यामुळे मला जे बोलायचं होतं ते बोलता आलं नाही, आणि तेच अजून बाकी आहे.

नरकचतुर्दशीला पहाटे पाच वाजता घंगाळ न्हाणीत ठेवलं आणि कढत पाणी ओतलं. पहिलं अभ्यंगस्नान सासूबाईंचं. कारीट फोडायला ठेवलं होतं, तेही सोनेरी करायचा ह्यांचा विचार होता. ते माझ्या पायाखाली चुकून आदल्या रात्रीच आलं, दुसरं आणावं लागलं. उष्णतेने ॲक्रिलिक मऊ पडतं आणि गुळगुळीत धातूवरून सुटतं. हे मला माहीत नव्हतं, पण वहीच्या पहिल्या पानाला माहीत होतं. आतून तेल-उटण्याचा वास येत होता आणि सासूबाई कुठलंसं स्तोत्र म्हणत होत्या. मधेच स्तोत्र थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

त्या बाहेर आल्या तेव्हा अजून अंधार होता आणि दारात पणत्या लागलेल्या होत्या. दंडांवर, खांद्यावर, पांढऱ्या केसांत तांब्याचे बारीक पापुद्रे चिकटले होते आणि पणतीसमोरून गेल्या की सगळ्या लखलखत होत्या. त्यांनी आरशात पाहिलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"उटणं बदललंस का गं?"

"नाही आई, तेच आहे."

"मग राहू दे आज. पुसू नकोस," म्हणाल्या, आणि फराळाच्या खोलीत जाऊन खुर्चीत ताठ बसल्या. दिवसभर आल्यागेल्या प्रत्येकाने त्यांना वाकून नमस्कार केला, नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकून.

न्हाणीत घंगाळ अर्धं तपकिरी, अर्धं तांबडं, सालं लोंबत असलेलं उभं होतं. मी चिंच भिजत घातली. हे आले, त्यांनी एक साल सोलून उजेडात धरलं, बोटांनी ताणून पाहिलं आणि आत जाऊन वही काढली. मी नंतर बघितलं. वस्तू: घंगाळ. पृष्ठभाग: तांबे. रंग: तांबे. शेरा: प्रायमर राहिला.